खेळ कोणाचा, दोष कोणाचा?

जानेवारी २०२६ मध्ये युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने आपल्या कारभाराची फेरआखणी जाहीर केली आणि त्याच झटक्यात तयार होत असलेले सहा व्हिडिओ गेम रद्द करून टाकले. रद्द झालेल्या या सहांत ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ या २००३ सालच्या गाजलेल्या खेळाची नवी आवृत्तीही होती. सप्टेंबर २०२० मध्ये ती जाहीर झाली तेव्हा तिचे काम पुणे आणि मुंबई येथील स्टुडिओंत चालले होते. जगभर नाव असलेल्या खेळाच्या पुनर्निर्मितीची मुख्य जबाबदारी भारतातल्या कारागिरांकडे आल्याबद्दल तेव्हा कौतुक झाले होते. पाच वर्षे उलटली. खेळ आला नाही, आणि ज्यांनी तो प्रथम घडवायला घेतला त्यांच्या वाट्याला उपहासाखेरीज फारसे काही उरले नाही.

अमरावती-अकोल्याच्या वाचकाला या बातमीशी काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी विचारील. कर्तव्य दुहेरी आहे. वऱ्हाडातील एका पिढीची संगणकाशी पहिली ओळख या राजपुत्राच्या उड्यांतून झाली. आणि तिच्या नंतरची पिढी असले खेळ घडवण्याच्या कामासाठी पुण्या-मुंबईच्या गाड्या धरू लागली. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ साली सुरू झाले, शेगाव आणि बडनेरा येथील महाविद्यालये १९८३ साली निघाली. तेथून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या तरुणांपैकी कितीतरी जणांना शिकलेल्या विद्येचे काम घराजवळ मिळत नाही. म्हणून पुण्यातल्या एखाद्या स्टुडिओचे नाव जगभर हेटाळले जाते तेव्हा त्या हेटाळणीचे शिंतोडे वऱ्हाडातल्या घरांवरही उडतात. ती हेटाळणी न्याय्य होती काय, आणि नसेल तर दोष कोणाच्या पदरी घालावा, हा प्रश्न म्हणूनच करमणुकीच्या पानावर सोडून देण्याजोगा नाही.

राजपुत्राची पूर्वपीठिका

मूळ खेळ १९८९ सालचा. जॉर्डन मेकनर या तरुण अमेरिकन प्रोग्रामरने तो त्या काळच्या अॅपल संगणकासाठी जवळजवळ एकट्याने रचला. आपल्या धाकट्या भावाला त्याने धावायला, लोंबकळायला, उड्या मारायला लावले, त्याचे चित्रण केले आणि त्या चित्रणावरून राजपुत्राची एकेक हालचाल रेखाटली. तळघरातून सुरुवात करायची, एका ओट्यावरून दुसऱ्या ओट्यावर उडी घ्यायची, खाली दबा धरून बसलेले सुळे आणि उघडझाप करणारी पाती चुकवायची, आणि बारा टप्पे ओलांडून साठ मिनिटांच्या आत राजकन्येची सुटका करायची, एवढाच त्याचा डाव. ओट्यावरून ओट्यावर उडी मारण्याच्या या जातीच्या खेळांना ‘प्लॅटफॉर्म’ खेळ म्हणतात.

१९९० नंतर जिल्ह्याच्या ठिकाणी संगणकाचे खाजगी वर्ग निघू लागले, महाविद्यालयांतून संगणक कक्ष उभे राहिले, तेव्हा हा खेळ फ्लॉपीवर बसून सर्वत्र पोहोचला. शिकवणारे बाहेर गेले की राजपुत्र पडद्यावर येत असे. त्या प्रती बहुधा कायदेशीर नव्हत्या. पण ज्या खेळाची किंमत डॉलरमध्ये होती आणि जो येथल्या कोणत्याही दुकानात मिळत नव्हता, तो त्या फ्लॉपीवाचून वऱ्हाडात आलाच नसता, हेही तितकेच खरे.

२००३ साली युबिसॉफ्टच्या मॉन्ट्रियल येथील स्टुडिओने मेकनर यांच्या सहभागाने या राजपुत्राला नवा जन्म दिला. भिंतीवरून धावणे, खांबावरून झेपावणे हा जुना डाव तिथे त्रिमितीत आला. त्याचे कथानक भारतीय वाचकाने ध्यानात घ्यावे असे आहे. पर्शियाचा राजपुत्र आपल्या पित्यासह भारतातील एका महाराजाच्या राजवाड्यावर चाल करून जातो, तिथला खजिना लुटतो आणि लुटीत काळाची गती उलटवणारा खंजीर त्याच्या हाती लागतो. महाराजाची कन्या फराह बंदिवान होते आणि पुढे त्याच्या बरोबरीने लढते. चुकलेली उडी खंजिराच्या साह्याने मागे घेता येते, हे या खेळाचे मुख्य आकर्षण होते. लुटीपासून सुरू होणारी ही कथा पुन्हा घडवण्याचे काम पुढे लुटल्या गेलेल्या देशातील कारागिरांकडे आले.

प्रेक्षकांचा निवाडा

१० सप्टेंबर २०२० रोजी नव्या आवृत्तीचा ट्रेलर प्रसिद्ध झाला. २१ जानेवारी २०२१ रोजी खेळ विक्रीस येईल आणि त्याची किंमत ४० डॉलर असेल, असे सांगण्यात आले. मोठ्या खेळांची तेव्हाची रूढ किंमत ६० डॉलर होती. ट्रेलर पाहताच जगभरचे खेळाडू खवळले. चेहरे निर्जीव वाटतात, प्रकाश सपाट आहे, सतरा वर्षांपूर्वीचा मूळ खेळ याहून देखणा होता, असे आक्षेप आले. कंपनीने डिसेंबरात तारीख पुढे ढकलून ती १८ मार्च केली. फेब्रुवारी २०२१ मध्ये खेळाडूंच्या प्रतिक्रियांचा हवाला देऊन तारीखच काढून टाकली. मे २०२२ मध्ये काम पुण्या-मुंबईकडून काढून मॉन्ट्रियलला दिले. त्याच वर्षाच्या अखेरीस आगाऊ मागण्या रद्द करून ग्राहकांचे पैसे परत करण्यात आले. जून २०२४ मध्ये २०२६ सालचा वायदा झाला. तो वायदा २०२६ च्या पहिल्याच महिन्यात मोडला.

खेळाडूंचा मूळ आक्षेप चुकीचा नव्हता, हे आधी मान्य केले पाहिजे. ट्रेलर खरोखरच फिका होता. बालपणीच्या आवडत्या कलाकृतीचे पुनरुज्जीवन होत असेल तर ते नीट व्हावे, ही अपेक्षा रास्त आहे. पैसे मोजणाऱ्याला मालाविषयी बोलण्याचा हक्क असतोच. केवळ भारतीय हातांनी केले आहे म्हणून डागाळलेले काम गोड मानून घ्यावे, असा आग्रह धरणे म्हणजे त्या हातांचाच अपमान करणे होय.

पण आक्षेप तिथे थांबला नाही. मालावरचा राग लवकरच माल करणाऱ्यावर आणि मग त्याच्या देशावर वळला. काम भारतात दिले म्हणून असे झाले, स्वस्त मजुरीचा हा परिणाम, भारतीयांना हे जमणारच नव्हते, अशा शेऱ्यांना ऊत आला. त्यात परदेशी खेळाडू होते तसेच भारतीयही होते. आपल्या मालाची आपणच प्रथम निंदा करून मोकळे व्हायचे, ही वसाहतीच्या काळापासूनची खोड याही वेळी दिसली. काम मॉन्ट्रियलला गेले तेव्हा आता ते योग्य हाती पडले, असा निःश्वास अनेकांनी सोडला. त्या योग्य हातांतूनही खेळ बाहेर आला नाही, तेव्हा मात्र कॅनडातील मजुरीच्या दर्जाविषयी कोणी असे सरसकट निष्कर्ष काढले नाहीत. निवाड्याची मापे दोन होती, हे यावरून उघड होते.

वऱ्हाडातील कापूस उत्पादकाला हा प्रकार नवा नाही. बाजार समितीच्या आवारात गाडी उभी राहते, व्यापारी मूठभर कापूस हाती घेतो, प्रत उतरली म्हणतो आणि भाव पाडतो. बियाण्याची जात कोणी ठरवली, पाऊस कधी पडला, कर्ज कोणत्या महिन्यात मिळाले, फवारणीची किंमत कोणी चढवली, यांपैकी कशाचाही उल्लेख त्या मुठीत नसतो. प्रत मालाची ठरते आणि नामुष्की शेतकऱ्याची होते. पुण्यातील कारागिराची प्रतवारी याच रीतीने झाली.

निर्णय कोणाचा, श्रम कोणाचे

एखादा मोठा व्हिडिओ गेम कसा तयार होतो, याची कल्पना असल्याशिवाय या प्रतवारीतला अन्याय दिसत नाही. कोणता खेळ काढायचा, त्यावर किती खर्च करायचा, तो किती महिन्यांत पुरा करायचा, कोणत्या यंत्रांसाठी काढायचा, कोणत्या किमतीला विकायचा आणि अर्धवट अवस्थेत त्याचा ट्रेलर कोणत्या दिवशी लोकांपुढे आणायचा, हे निर्णय भांडवल गुंतवणाऱ्या कंपनीचे असतात. स्टुडिओने त्या चौकटीत काम करायचे असते. ४० डॉलर ही किंमत ठरली तेव्हाच हे काम दुय्यम प्रतीच्या गुंतवणुकीचे आहे, अशी बाजाराची समजूत झाली, आणि ती निराधार म्हणता येणार नाही. चौकट आखणाऱ्याचे नाव प्रतिष्ठेचे राहिले आणि चौकटीत राबणाऱ्याचे नाव बदनाम झाले. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण अशाच प्रसंगांसाठी आहे.

युबिसॉफ्टने पुण्यातला स्टुडिओ २००८ मध्ये आणि मुंबईतला २०१८ मध्ये सुरू केला. परदेशी भांडवल येथे येण्याचे कारण गुप्त नाही. येथे शिकलेले मनुष्यबळ आहे आणि त्याचे वेतन कॅनडा वा फ्रान्समधील वेतनाच्या मानाने कमी आहे. अशा स्टुडिओंकडे आधी इतरत्र रचलेल्या खेळांची तपासणी, जोडकाम, रूपांतर अशी कामे येतात. पूर्ण खेळ घडवण्याचा अनुभव त्यातून सावकाश जमतो. तो जमू लागतो न लागतो तोच काम काढून घेतले की अनुभवाची साखळी तुटते. मग अनुभव नाही म्हणून काम नाही आणि काम नाही म्हणून अनुभव नाही, या चक्रात सगळा देश अडकून पडतो. ज्याला अविकसितपणा म्हणतात तो पुष्कळदा अशा रीतीने घडवला जातो.

यातला कायदाही पाहण्यासारखा आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाच्या प्रोग्रामची गणना साहित्यकृतींत केलेली आहे. त्याच कायद्याच्या सतराव्या कलमानुसार नोकरीच्या ओघात निर्माण केलेल्या कृतीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. म्हणजे पुण्यातील प्रोग्रामर कायद्याच्या भाषेत साहित्य निर्माण करतो. पण त्या साहित्यावर त्याचा हक्क नसतो, ते प्रसिद्ध करावे की कपाटात बंद करावे हे त्याला विचारले जात नाही. वर्षानुवर्षे केलेले काम कायमचे रद्द झाले तर ते आपले म्हणून कोणाला दाखवण्याचीही त्याला मुभा नसते. लेखकाची वही प्रकाशकाने जाळली तर साहित्यविश्वात हलकल्लोळ होईल. शेकडो जणांच्या श्रमाचा खेळ रद्द होतो तेव्हा तो ताळेबंदातला एक आकडा होतो.

वऱ्हाडच्या भूमीवर या व्यवस्थेचे एक जुने स्मारक आहे. यवतमाळहून मूर्तिजापूरमार्गे अचलपूरला जाणारा ‘शकुंतला’ रेल्वेचा अरुंद मार्ग किलिक निक्सन या ब्रिटिश व्यापारी पेढीने उभा केला. हेतू एकच होता : वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरच्या जंक्शनपर्यंत आणायचा, तिथून मुंबईच्या बंदरात आणि मग इंग्लंडच्या गिरण्यांत पोहोचवायचा. जमीन येथली, कापूस येथला, रूळ टाकणारे आणि गाडी हाकणारे हात येथले. मालकी तेवढी परक्यांची. १९५१ मध्ये देशातील रेल्वेंचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हाही हा मार्ग खाजगी मालकीत राहिला आणि पुढे कित्येक दशके गाड्या चालवणारी भारतीय रेल्वे त्या कंपनीला मोबदला देत राहिली. रुळांच्या दुरवस्थेचा त्रास मात्र प्रवाशाने आणि गँगमनने सोसला. गाडी रेंगाळली की प्रवासी रागावायचा तो समोर दिसणाऱ्या गार्डवर. लंडनचा भागधारक त्याला दिसत नव्हता.

गुणवत्तेची सबब

यावर प्रतिवाद असा होऊ शकतो की बाजार निष्ठुर असला तरी न्यायी असतो; माल उत्तम असता तर खेळाडूंनी तो उचलून धरला असता आणि कारागीरही वाचले असते. हा प्रतिवाद तपासण्याची संधी युबिसॉफ्टनेच उपलब्ध करून दिली. जानेवारी २०२४ मध्ये याच राजपुत्राच्या मालिकेतील ‘द लॉस्ट क्राऊन’ हा नवा खेळ बाजारात आला. तो फ्रान्समधील माँपेलिये येथील स्टुडिओने केला होता. उड्या आणि झेपा यांच्या जुन्या परंपरेला जागणारा म्हणून समीक्षकांनी आणि खेळाडूंनी त्याची एकमुखाने वाहवा केली. विक्री मात्र कंपनीच्या अपेक्षेइतकी झाली नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात तो खेळ करणारा चमू विखुरण्यात आल्याचे स्पष्ट झाले. पुण्याच्या चमूने शिव्या खाल्ल्या आणि काम गमावले. माँपेलियेच्या चमूने शाबासकी मिळवली आणि तोही मोडला गेला. तेव्हा गुणवत्ता असती तर वाचले असते, ही सबब टिकत नाही. गुणवत्तेचा निवाडा खेळाडू करतात, पण चमूचे भवितव्य ठरते ते नफ्याच्या अपेक्षित दरावर.

पुण्यात कौशल्याचाच दुष्काळ आहे, या समजुतीलाही त्याच वर्षाचा पुरावा आडवा येतो. ऑगस्ट २०२० मध्ये, म्हणजे त्या ट्रेलरच्या आदल्याच महिन्यात, पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या लहानशा चमूचा ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ हा खेळ प्रसिद्ध झाला. एक मुलगी आपल्या हरवलेल्या भावाच्या शोधात भिंती चढते, झेपा घेते, असुरांशी लढते. त्याची चित्रशैली पहाडी लघुचित्रांपासून स्फूर्ती घेणारी आहे. २०१७ मध्ये या चमूने लोकवर्गणीतून भांडवल उभारण्याचा प्रयत्न केला होता, तो अपुरा पडला. तरी त्यांनी खेळ तडीस नेला. २०२० च्या जागतिक ‘गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातील उत्कृष्ट स्वतंत्र खेळांच्या नामांकनांत त्याचा समावेश झाला. त्यातही उणिवा होत्या आणि खेळाडूंनी त्या दाखवल्याही. पण ती टीका एका कलाकृतीवरची टीका होती. शहर तेच, वर्ष तेच, विद्यालये तीच. फरक होता तो काय करायचे आणि कसे करायचे हे ठरवण्याच्या अधिकारात.

खेळाडूही वंचितच

कारागिरावर संतापणारा खेळाडू स्वतः तरी या व्यवस्थेत धनी आहे काय? तोही नाही. अमेरिकेतील ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत, २०१० पूर्वी त्या देशात प्रसिद्ध झालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात उपलब्ध नसल्याचे आढळले. जुने काढून घ्यायचे आणि मग तेच नव्या वेष्टनात, मालकाच्या सोयीने, मालकाच्या किमतीला परत विकायचे, हा या धंद्यातला प्रस्थापित मार्ग होऊन बसला आहे. निन्टेंडो या जपानी कंपनीने सप्टेंबर २०२० मध्ये मारिओचे तीन जुने खेळ एकत्र करून विकायला काढले आणि ३१ मार्च २०२१ नंतर त्यांची विक्री बंद केली. संगणकीय प्रतीची दुसरी प्रत काढायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. अशा वस्तूची टंचाई निसर्गतः निर्माण होत नाही, ती निर्माण करावी लागते. दुष्काळात धान्य दडवणाऱ्या आडत्याचे अर्थशास्त्र आणि हे अर्थशास्त्र एकाच कुळातले आहे.

युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ हा २०१४ सालचा मोटारशर्यतीचा खेळ ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाल्यामुळे कायमचा थंडावला. ज्यांनी पैसे मोजून तो घेतला होता त्यांच्या हाती काही उरले नाही, कारण त्यांनी विकत घेतला होता तो केवळ परवाना. त्याच वर्षी जानेवारीत कंपनीच्या एका अधिकाऱ्याने, वर्गणीची पद्धत रुजायची असेल तर खेळ आपल्या मालकीचा नसण्याची खेळाडूंना सवय व्हावी लागेल, अशा आशयाचे विधान केले होते. खेळाडूंनी ती सवय करून घेण्याचे नाकारले. खेळ मारू नका, या मागणीसाठी युरोपात चाललेल्या नागरिक-अर्जावर २०२५ च्या जुलैपर्यंत दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. ग्राहकाचा राग योग्य दिशेला वळला की त्याला राजकीय शक्तीचे रूप कसे येते, याचे हे उदाहरण आहे. घडवणाऱ्याला मालकी नाही आणि विकत घेणाऱ्यालाही नाही. दोघांचा प्रतिपक्ष एकच आहे. तो दिसत नाही म्हणून दोघे एकमेकांवर तुटून पडतात.

बिनमालकीच्या खेळाचे गाव

खेळाला मालक असलाच पाहिजे, असे अमरावतीला तरी कोणी शिकवू नये. १९१४ साली या शहरात हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना झाली. वैद्य बंधूंनी वाढवलेल्या या संस्थेच्या चमूने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जगाला हुतूतूचे दर्शन घडवले. त्या खेळाचा परवाना कोणाकडे मागावा लागला नाही. तो अकोल्याच्या आखाड्यात खेळला गेला, अचलपूरच्या मैदानात खेळला गेला, प्रत्येक गावाने त्यात आपले पेच घातले, आणि १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धांत तो पदकांचा खेळ म्हणून उतरला. कोणा कंपनीने ताळेबंद पाहून हुतूतू रद्द केला, असे होऊ शकले नाही.

संगणकावरचा खेळ हुतूतूसारखा फुकट निर्माण होत नाही, त्याला भांडवल लागते, हे खरे. पण भांडवल परत मिळाल्यावरही कृती अनंत काळ कुलपात ठेवण्याचा अधिकार त्यातून निघत नाही. राजपुत्राच्या मूळ रचनाकारानेच याचा धडा घालून दिला आहे. २०१२ मध्ये मेकनर यांना आपल्या वडिलांच्या घरून आलेल्या खोक्यात जुन्या डिस्क सापडल्या. त्यांवरून १९८९ च्या खेळाचा मूळ प्रोग्राम उतरवून घेऊन त्यांनी तो सर्वांना वाचता येईल असा प्रसिद्ध केला. आज अमरावतीचा विद्यार्थी तो ओळीओळीने अभ्यासू शकतो. पुण्या-मुंबईत झालेले नव्या आवृत्तीचे काम मात्र त्याला कधीही पाहता येणार नाही.

सार्वजनिक पैसा, सार्वजनिक अटी

हा प्रश्न आता केवळ नीतीचा उरलेला नाही. तो महाराष्ट्राच्या तिजोरीचा झाला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अॅनिमेशन, व्हिडिओ गेम आणि तत्सम उद्योगांसाठी २०५० पर्यंतचे धोरण मंजूर केले आणि त्यासाठी ३,२६८ कोटी रुपयांची योजना आखली. उद्योग यावेत, तरुणांना काम मिळावे, याला कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. पण जमीन, सवलती आणि अनुदान जनतेचे, श्रम जनतेच्या मुलांचे आणि निर्मितीवरची सर्व मालकी दूरच्या भागधारकांची, अशी मांडणी झाली तर शकुंतला रेल्वेचीच ती संगणकीय आवृत्ती ठरेल.

म्हणून या मदतीला काही किमान अटी जोडल्या पाहिजेत. पहिली, सार्वजनिक साह्य घेणाऱ्या प्रत्येक खेळाच्या श्रेयनामावलीत त्यावर काम केलेल्या सर्वांची नावे यावीत, मग ते मधेच सोडून गेलेले असोत वा कंत्राटी असोत. दुसरी, नफ्यात कारागिरांचा करारबद्ध वाटा असावा आणि त्यांच्या संघटनेला मान्यता असावी. तिसरी, कंपनीने काम अर्ध्यावर टाकल्यास ते आधी ज्यांनी घडवले त्यांना ठरीव अटींवर पुरे करण्याची संधी मिळावी. चौथी, प्रसिद्ध झालेल्या खेळाची चालू स्थितीतील एक प्रत सार्वजनिक ग्रंथालयात जमा व्हावी. पुस्तके आणि वृत्तपत्रे यांच्या प्रती ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना देण्याचे बंधन १९५४ च्या कायद्याने प्रकाशकांवर घातले आहे. कॉपीराइटच्या कायद्याला जे साहित्य वाटते ते जतनाच्या कायद्यालाही वाटायला हवे. पाचवी, या पैशाचा वाजवी हिस्सा अमरावती आणि अकोल्यासारख्या ठिकाणी राजीसारखे स्वतःचे खेळ करू पाहणाऱ्या लहान चमूंना आणि सहकारी संस्थांना मिळावा. परक्या खेळांचे जोडकाम करण्यासाठी मुंबई-पुण्याला मजूर पुरवणे एवढेच वऱ्हाडचे काम राहू नये. सहकाराची परंपरा असलेल्या राज्याला ही कल्पना अशक्यप्राय वाटण्याचे कारण नाही.

खेळाडूंनी टीका करणे सोडू नये. वाईट कामाला वाईट म्हणणारा जाणता ग्राहक हा चांगल्या कारागिराचा मित्रच असतो. मात्र टीका करताना हा माल कोणाच्या हातचा, या प्रश्नाबरोबर हे हात कोणाच्या हुकमाने चालत होते, हाही प्रश्न विचारला गेला पाहिजे. तो २०२० मध्ये विचारला गेला असता तर पुण्या-मुंबईच्या कारागिरांना अधिक मुदत, अधिक साधने आणि अधिक अधिकार द्या, अशी मागणी त्याच संतापातून उभी राहिली असती. तसे झाले नाही. कंपनीने खेळाडूंच्या संतापाचे निमित्त केले, एका चमूकडून काम काढले, दुसऱ्याकडे दिले आणि अखेर दोघांचेही श्रम मोडीत काढले. खेळात चुकलेली उडी मागे घेण्याची सोय होती; येथे ती नाही. पुढची उडी घेताना पायाखालचा ओटा कोणाच्या मालकीचा आहे, एवढे तरी पाहून घेतले पाहिजे.